बोनेटखालची फियाट: इंजिन बेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरची पद्मिनी, म्हणजे जुनी फियाट मोटार, साताऱ्यात दारासमोर अकरा वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. ती चालू करायला मला तीन वर्षांचे रविवार लागले. तेव्हापासून वाई, कराड, मिरज, विटा, कुठून कुठून विचारणा येत असते, आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत; बहुतेक इंजिन बेबद्दलचे, म्हणजे बोनेटखालच्या इंजिनाच्या जागेबद्दलचे. विचारणाऱ्यांना बहुतेक वेळा रंगाची आणि चकाकीची घाई असते. माझी उत्तरं मात्र वायर, पाणी आणि पेट्रोलच्या नळीकडेच वळतात, त्याला इलाज नाही.

१. फियाट, डिलाइट, प्रेसिडेंट, पद्मिनी ही एकच गाडी का? एकीचे भाग दुसरीला बसतात का?

इंजिनापुरतं बोलायचं तर जवळपास एकच. प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० डिलाइट आणली. १९७२ मध्ये तिचं नाव प्रीमियर प्रेसिडेंट झालं आणि १९७४ पासून पद्मिनी. नाव काहीही असो, आपल्याकडे ती 'फियाट'च राहिली. इंजिन चार सिलिंडरचं, १०८९ सीसी, बोअर ६८ मिमी, स्ट्रोक ७५ मिमी, ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास. ब्लॉक (सिलिंडर असलेला मुख्य भाग) बिडाचा, हेड (त्याच्यावर बसणारा भाग) ॲल्युमिनियमचं. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मोठे भाग एकमेकांना चालतात. विजेचे भाग, ब्रॅकेट, पुली मात्र सालाप्रमाणे बदलत गेले आहेत, त्यामुळे जुना भाग हातात घेऊनच दुकानात जा. '११८ एनई' ही मात्र पूर्ण वेगळी गाडी आहे. तिचं इंजिन निसानच्या घराण्यातलं, त्यामुळे इथली बरीच माहिती तिला लागू पडत नाही.

जाता जाता: प्रीमियरची स्थापना १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी केली. सांगलीचं वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज त्यांच्याच नावाचं. तेव्हा सांगलीकरांनी फियाटवर थोडा जास्त हक्क सांगितला तर सातारकरांनी मनावर घेऊ नये.

२. गाडी कित्येक वर्षं उभी आहे. बॅटरी लावून एकदा किल्ली मारून बघू का?

नको. आधी चारही प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचा-दोन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि दोन दिवस थांबा. मग पुढच्या पुलीचा नट पान्याने धरून इंजिन हाताने फिरवा. अडकलं तर जोर लावू नका. ऑइल आणि डिझेलचं मिश्रण सोडून आठवडाभर वाट बघा आणि रोज थोडं मागेपुढे करा. पिस्टनच्या रिंगा गंजाने सिलिंडरच्या आतल्या भिंतीला धरलेल्या असताना स्टार्टरचा झटका दिला की रिंग तुटते, आणि फुकटात होणाऱ्या कामाचं 'हाफ इंजिन' होतं, म्हणजे इंजिन अर्धं खोलून दुरुस्ती.

इंजिन फिरलं तरी लगेच पेट्रोल जोडू नका. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. त्याला वार्निशसारखा वास येत असेल तर कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) खोलावाच लागणार. पहिल्यांदा चालू करताना बाटलीतून ताजं पेट्रोल द्या, ते कसं वागतं बघा, मग टाकीकडे वळा.

३. इंजिन बाहेर काढल्याशिवाय इंजिन बे नीट करता येतो का?

येतो, पण अर्धवट. फायरवॉलचा (इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या पत्र्याचा) खालचा भाग, स्टिअरिंग बॉक्सभोवतालची जागा, बॅटरीच्या ट्रेखालचा पत्रा इथपर्यंत हात पोहोचत नाही, आणि गंज नेमका तिथेच असतो. इंजिनाचं दुसरं काम निघालं असेल (ऑइल पिणं, क्लच, मागचं सील), तर ते उतरवा आणि बे त्याच वेळी उरकून घ्या. इंजिन धडधाकट असेल तर केवळ रंगासाठी उतरवू नका. रेडिएटर, बॅटरी ट्रे, एअर क्लीनर आणि हॉर्न काढले तरी पुष्कळ जागा मोकळी होते.

उतरवण्याआधी फोटो काढा. काढलेत त्याच्या दुप्पट काढा. प्रत्येक वायरला चिकटपट्टी लावून नंबर द्या. मी पहिल्या रविवारी 'एवढं तर लक्षात राहील' म्हटलं होतं. चौदा महिन्यांनी एक काळी वायर हातात धरून मी पाऊण तास उभा होतो.

४. बोनेटखाली प्रेशर वॉशर मारला तर चालतं का?

वॉशिंग सेंटरवाला मारतो, म्हणून आपण मारायचा असं नाही. डिस्ट्रिब्युटर (प्लगना करंट वाटणारा), कॉइल (ठिणगीचा करंट देणारी), डायनामो (बॅटरी चार्ज करणारा) आणि कार्बोरेटरचं तोंड प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी बांधलं असेल आणि इंजिन पूर्ण गार असेल, तर लांबून हलका फवारा चालेल. तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं की तडा जाऊ शकतो.

मला जुनीच पद्धत पटते: चाळीस वर्षांचा चिकट थर आधी लाकडी पट्टीने खरवडायचा, मग डिझेल आणि ब्रश, मग भांड्यांच्या साबणाचं कोमट पाणी, आणि शेवटी कॉम्प्रेसरची हवा. रबरी होज, इंजिन माउंटिंग आणि पट्ट्याला डिझेल लागू देऊ नका. रबर फुगतं. खरवडताना इंजिन नंबर आणि चेसिस नंबर जिथे ठोकलेले आहेत तिथे हात अगदी हलका ठेवा. कारण प्रश्न १७ मध्ये आहे.

५. गंजलेले नट-बोल्ट, ब्रॅकेट कसे साफ करायचे? ॲसिडमध्ये टाकू का?

संडास साफ करण्याच्या ॲसिडमध्ये टाकू नका. गंज जातो खरा, पण लोखंडही खाल्लं जातं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तांबूस साय धरते. शिवाय जास्त ताणाचे बोल्ट (हेडचे, कनेक्टिंग रॉडचे, फ्लायव्हीलचे) ॲसिडात बुडवले की आतून ठिसूळ होतात. ते घासायचे किंवा बदलायचे, बाकी काही नाही.

साध्या ब्रॅकेटसाठी लिंबूसत्व उत्तम: बादलीभर पाण्यात मूठ-दोन मुठी, रात्रभर. सकाळी ब्रशने धुऊन, सोड्याच्या पाण्यातून काढून, लगेच वाळवून तेलाचा हात फिरवा. मोठ्या भागांना धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर वापरून विजेने गंज काढता येतो. मात्र त्यात दुसरा पत्रा साध्या लोखंडाचा घ्या, स्टेनलेस स्टीलचा कधीच नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. आणि हे काम उघड्यावर करा, कारण त्यातून हायड्रोजन निघतो.

मूळ नट-बोल्ट जमतील तेवढे जपा आणि साफ करून झिंक प्लेटिंगला द्या. एमआयडीसीत प्लेटिंगवाले किलोवर करून देतात. देताना मोजून द्या आणि मोजून घ्या.

६. इंजिन बेला कोणता रंग? काळा चांगला दिसतो का?

मूळ गाडीत बे बाहेरच्या रंगाचाच असायचा. काळा मारला की गळती दिसत नाही, एवढाच त्याचा 'फायदा'.

क्रम असा: उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर, गरज असेल तिथे अगदी थोडी लांबी (पुट्टी), मग टू-के (हार्डनर मिसळून मारायचा) रंग. लांबीचा जाड थर इथे टिकत नाही, उष्णतेने आणि थरथरीने पापुद्रे निघतात. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला सिल्व्हर हीट-प्रूफ रंग वेगळा मिळतो. तो भट्टीत किंवा इंजिन थोडं थोडं तापवून पक्का करावा लागतो, नाहीतर पहिल्याच फेरीत धूर होऊन जातो. ॲल्युमिनियमच्या हेडला रंग मारू नका. घासून स्वच्छ ठेवलं की तेच सगळ्यात देखणं दिसतं.

बॅटरीखालच्या पत्र्याला रंग देण्याआधी सोड्याच्या पाण्याने दोनदा धुवा. तिथे सांडलेलं ॲसिड रंगाखालून काम चालू ठेवतं. पावडर कोटिंग सुट्या ब्रॅकेटला छान, पण नट जिथे बसतो तिथला थर खरवडून काढा. का, ते पुढच्याच प्रश्नात.

७. रंगकाम झालं, सगळं जोडलं, आणि आता गाडी स्टार्टच होत नाही. आधी तर होत होती!

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो. मी स्वतःही याच खड्ड्यात पडलो आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू वायरीने सगळीकडे जाते. परतीचा रस्ता मात्र गाडीचा पत्राच असतो, त्यालाच आपण 'अर्थ' म्हणतो. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे पत्र्यापासून तोडलेलं. त्या दोघांना जोडते ती एक जाड विणलेली पट्टी. तुम्ही पत्रा मुलायम रंगवलात, पट्टी रंगावर ठेवून बोल्ट आवळलात. रंगातून करंट जात नाही.

माझ्याकडे झालं ते असं. रंग होऊन तीन दिवस झाले होते. दाजी आले, कौतुकाने ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि किल्ली मारली. स्टार्टरने 'टक' केलं. त्यांनी पुन्हा मारली, जरा वेळ दाबून धरली. मी बोनेटपाशी उभा होतो. कार्बोरेटरकडे जाणाऱ्या चोकच्या केबलमधून आधी बारीक धूर आला, मग तिचं आवरण मेणासारखं ओघळलं आणि आतली तार लालसर दिसायला लागली. पट्टीचा रस्ता बंद, म्हणून स्टार्टरचा शेकडो अँपिअरचा करंट चोकच्या तारेतून परत चालला होता. शेजारी पेट्रोलचं भांडं! बॅटरीची क्लिप मी हाताने ओढून काढली. दाजी आजही चोकला हात लावण्याआधी माझ्याकडे बघतात.

उपाय साधा आहे. पट्टीच्या दोन्ही टोकांखालचा रंग रुपयाएवढ्या गोलात उघड्या लोखंडापर्यंत खरवडा. दातेरी वायसर घाला, आवळा, आणि वरून ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली लावा. पट्टी काळी किंवा हिरवी पडली असेल तर नवी घ्या. मग मीटर लावून बघा: एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटाला, दुसरं इंजिन ब्लॉकला, आणि दुसऱ्या माणसाला स्टार्टर मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा कमी दाखवलं तर अर्थ चांगला. माझ्याकडे दुरुस्तीआधी किती होता ते मोजायला मीटर लागलाच नाही. हेडलाइट, हॉर्न, डायनामोचा रेग्युलेटर या सगळ्यांच्या अर्थला हेच लागू.

८. वायरिंग सगळं नवीन करू, की जिथे खराब तिथे जोड देऊ?

वायर वाकवल्यावर आवरणाचे तुकडे पडत असतील, तर सगळं नवीन. एखाद-दुसरी जागाच उंदराने कुरतडली असेल तर तेवढीच. नवीन करताना मूळ रंगांचेच वायर वापरा, नाहीतर पुढच्या मिस्त्रीच्या शिव्या तुम्हाला ऐकू येतील. इन्सुलेशन टेपचे जोड बोनेटखाली टिकत नाहीत. डाक द्या (सोल्डर करा) आणि गरम केल्यावर आवळणारी हीट-श्रिंक नळी घाला.

जुन्या गाडीत फ्यूज मोजकेच असतात आणि हेडलाइटचा सगळा करंट स्विचमधून जातो. दोन रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू करणारे स्विच) आणि त्यांना स्वतंत्र फ्यूज बसवले की दिवे उजळतात आणि स्विच वाचतो. जुनं दिसणं न बिघडवता करता येणारी, माझ्या मते सगळ्यात पैसावसूल सुधारणा हीच. रिलेचा डबा आतल्या बाजूला लपतो.

९. डायनामो काढून अल्टरनेटर बसवावा का?

रात्री, पावसात, वायपर आणि दिवे एकदम चालवत असाल तर होय. इंजिन स्लोवर, म्हणजे जागच्या जागी चालू असताना, डायनामो जवळजवळ काहीच देत नाही. पोवई नाक्यावर सिग्नलला उभं राहिलं की माझे दिवे पिवळे पडायचे. मारुती ८०० किंवा ओम्नीचा अल्टरनेटर बरेच मिस्त्री बसवून देतात. तीन गोष्टी स्वतः बघा. पुली आणि पट्टा एका सरळ रेषेत आहेत का, कारण दोन मिमी तिरका असला तरी पट्टा खातो. जुना कटआउट रेग्युलेटर सर्किटमधून पूर्ण काढला का. आणि अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंतची मुख्य वायर जाड केली का, कारण जुनी वायर डायनामोच्या करंटपुरतीच असते.

गाडी फक्त रविवारी सकाळी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापर्यंत जाणार असेल, तर डायनामो राहू द्या, ब्रश आणि बेअरिंग बदला. काढलेला मूळ डायनामो भंगारात घालू नका.

१०. पॉइंट-कंडेन्सर काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन?

पॉइंट-कंडेन्सर म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधला ठिणगी पाडणारा जुना सेट. तो बदलणं चांगली सुधारणा, आणि बाहेरून दिसतही नाही. पण आधी डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट हलवून बघा. तो आडवा डुलत असेल तर इलेक्ट्रॉनिक किटही नीट चालणार नाही, आधी बुश बदला. किटला कोणत्या रोधाची कॉइल चालते ते डब्यावर वाचा. चुकीच्या कॉइलने मॉड्यूल जळतं. पॉइंटचा जुना सेट कंडेन्सरसकट डिकीत ठेवा: पॉइंट रस्त्यात पॉलिश पेपरने घासून घर गाठता येतं, मॉड्यूल गेलं की टोइंगच. वायर लावताना फायरिंग क्रम (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२.

११. पसरणीच्या घाटात गाडी हिट होते. मोठा पंखा बसवू का?

वाईहून पाचगणीला चढताना न तापलेली फियाट मला अजून भेटलेली नाही. पण पंखा हे शेवटचं औषध. आधी हे बघा, याच क्रमाने.

इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे पडलंय का? मागे पडलेल्या टायमिंगने इंजिन भट्टीसारखं तापतं आणि ओढतही नाही. पट्ट्याला ढील आहे का? फियाटचा पंखा आणि वॉटर पंप पट्ट्यावरच चालतात. रेडिएटर आतून तुंबलाय का? गाडी तापल्यावर बंद करून रेडिएटरच्या पाठीवर सावधपणे हात फिरवा. जिथे गार लागेल तिथल्या नळ्या बंद आहेत. तांब्या-पितळेचा रेडिएटर असल्याने जुना रेडिएटरवाला टाक्या उसवून, नळ्यांत पट्टी घालून साफ करून देतो. असा माणूस शोधा, गावोगावी ते कमी होत चालले आहेत. खालचा होज रेस दिल्यावर चपटा होतोय का? तो ओढीच्या बाजूला असतो, मऊ पडला की पाण्याची वाट बंद करतो. रेडिएटरचं झाकण दाब धरतंय का? आणि गाडी गार असताना झाकण उघडून इंजिन चालू केल्यावर सतत बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) गेलंय, मग बाकी सगळी चर्चा व्यर्थ.

झाकणाबद्दल जरा जास्त सांगतो, कारण ते स्वस्त आहे आणि कोणी बदलत नाही. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण साडेतेराशे मीटरवर आहे. तिथे उघड्या भांड्यातलं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. झाकणाच्या प्रत्येक पौंड दाबामागे उकळबिंदू साधारण दीड अंशाने वर जातो. स्प्रिंग ढिली झालेलं झाकण म्हणजे घाटमाथ्यावर तुम्ही पातेल्यात पाणी उकळत चालला आहात. नवीन झाकण मूळ दाबाचंच घ्या. जास्त दाबाचं घातलंत तर जुना रेडिएटर फुटेल.

थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप) अनेक मिस्त्री 'कशाला हवा' म्हणून काढून फेकतात. मला ते पटत नाही. सपाटीवर इंजिन कधीच पुरेसं तापत नाही, पेट्रोल जास्त खातं आणि झिजतं. नवा घालण्याआधी पातेल्यात गरम पाण्यात उघडतो का ते बघा.

एवढं करूनही तापली तर रेडिएटरमागे इलेक्ट्रिक पंखा थर्मो-स्विचवर बसवा, तोही प्रश्न ९ मधला अल्टरनेटर असेल तरच. चढताना मात्र वरच्या गिअरमध्ये रडत नेऊ नका. खालच्या गिअरला इंजिन जास्त फिरतं, त्यासोबत पंखा आणि पंपही.

१२. पाणीच घालतो आम्ही, बोअरवेलचं. कूलंट हवंच का?

हवंच. बिडाचा ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचं हेड (प्रश्न १) एकाच पाण्यात असले की दोन धातूंची बॅटरी तयार होते आणि झिजतं ते ॲल्युमिनियम. हेड उघडल्यावर पाण्याच्या वाटांभोवती कुरतडल्यासारखे खड्डे दिसतात, ते यामुळेच. बोअरच्या पाण्यातले क्षार वरून पांढरा थर देतात. डिस्टिल्ड पाणी आणि इथिलीन ग्लायकॉलचं कूलंट निम्मं-निम्मं, दर दोन वर्षांनी बदला. जुना घट्ट गंज साफ न करता कूलंट ओतलंत तर आधी गळती लागेल. ती कूलंटने लावलेली नसते, उघड केलेली असते. कूलंट गोडसर असतं आणि विषारीही, तेव्हा कुत्र्या-मांजरांपासून जपा.

१३. घाटात बंद पडते, अर्धा तास थांबलं की आपोआप चालू होते. हे काय?

तापमानाचा काटा ठीक असेल तर हे प्रश्न ११ पेक्षा वेगळं दुखणं आहे. दोन शक्यता. एक, पेट्रोल पंपात किंवा नळीत पेट्रोलची वाफ होऊन पंप 'एअर धरतो'. दोन, कॉइल किंवा कंडेन्सर तापल्यावर दम टाकतो. ओळखायचं कसं? डिकीतला सुटा प्लग वायरला लावून ब्लॉकला टेकवा, पेट्रोलचा वास किंवा गळती नाही ना ते आधी बघा, आणि दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगा. ठिणगी निळी, टणक आली तर पेट्रोलचा दोष. पिवळी, अशक्त किंवा गायब असेल तर करंटचा.

वाफेवर जुन्या ड्रायव्हरांचा उपाय अजूनही चालतो: पंपावर आणि नळीवर ओलं फडकं. कायमचा उपाय म्हणजे नळी एक्झॉस्टपासून लांब वळवणं, मध्ये ॲल्युमिनियमच्या पत्र्याची ढाल लावणं आणि कार्बोरेटरखाली उष्णता अडवणारा बेकेलाइटचा स्पेसर घालणं. स्पेसर घातल्यावर बोनेट बंद होतंय का, ते रंग देण्याआधी बघा. हे मी कुणाला सांगायला नको होतं, पण सांगावं लागतंय.

१४. ई२० पेट्रोलने जुनी फियाट खराब होते का?

गंमत बघा, आपल्याच उसाच्या पट्ट्यातलं इथेनॉल आपल्याच गाडीत येऊन बसलंय. देशात वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, म्हणजे ई२०, फेब्रुवारी २०२३ पासून मिळायला लागलं आणि आता सगळीकडे तेच आहे, त्यामुळे 'टाळा' असं सांगण्यात अर्थ नाही. गाडी तयार करा.

रबर पहिलं. जुन्या नळ्या, पंपाचा पडदा, कार्बोरेटरची गॅस्केटं आणि वॉशर इथेनॉलने फुगतात किंवा कडक होऊन तडकतात. पंपाचा आणि कार्बोरेटरचा किट इथेनॉल चालणाऱ्या रबराचा आहे का ते विचारून घ्या. पेट्रोलची नळी 'विटॉन' अस्तराची घ्या. ती साध्या नळीपेक्षा महाग असते, पण तापलेल्या एक्झॉस्टजवळ पेट्रोल ठिबकण्यापेक्षा स्वस्तच.

पाणी दुसरं. इथेनॉल हवेतला ओलावा पितं. पावसाळाभर गाडी उभी राहिली तर पाणी-इथेनॉल वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं आणि पत्रा, जस्त, पितळ खातं. उभी ठेवणार असाल तर कार्बोरेटर रिकामा करा आणि पेट्रोल फिल्टर पारदर्शक लावा, म्हणजे आत काय चाललंय ते दिसेल.

मिश्रण तिसरं. साध्या पेट्रोलला एका भागामागे १४.७ भाग हवा लागते, ई२० ला साधारण साडेतेरा. म्हणजे जुन्या जेटवर (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक छिद्रावर) मिश्रण पातळ होतं, गाडी झटके देते, तापते. प्लगचा रंग बघा. पांढराफटक असेल तर मेन जेट एक पायरी मोठा करा. उदाहरणार्थ ११५ असेल तर १२०. गव्हाळ असेल तर हात लावू नका. महाबळेश्वरला हवा विरळ असल्याने मिश्रण आपोआप थोडं घट्ट होतं, त्यामुळे तिथे गोड चालणारी गाडी खाली साताऱ्यात आल्यावर शिंकते. सेटिंग तुम्ही जिथे राहता तिथल्या हवेवर करा. आणि हो, इथेनॉल मिसळल्याने पेट्रोलची वाफ लवकर होते, म्हणून प्रश्न १३ मधली वाफेची कटकटही वाढते.

१५. शिसं नसलेल्या पेट्रोलने व्हॉल्व्ह जळतात म्हणतात. आणि ऑइल कोणतं घालू?

शिशाचं पेट्रोल देशात फेब्रुवारी २००० मध्ये बंद झालं. तेव्हापासून चालत आलेली गाडी असेल तर काळजी सोडा. टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधली फट) वारंवार घट्ट होत असतील तर मात्र व्हॉल्व्ह सीटमध्ये बसत चाललाय. पुढच्या वेळी हेड उतरलं की एक्झॉस्टच्या सीट कडक धातूच्या बसवून घ्या. त्यासाठी मुद्दाम हेड उघडू नका.

ऑइल २०डब्ल्यू-५०, साधं मिनरल. अगदी पातळ आधुनिक सिंथेटिक घातलंत तर जुनी सील ते बाहेर काढून दाखवतील.

१६. २०१९ च्या पुरात सांगलीत बुडालेली फियाट मिळते आहे, स्वस्तात. घेऊ का?

त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. गावभागातल्या अनेक गाड्या छतापर्यंत गेल्या. त्यामुळे पहिला प्रश्न किमतीचा नाही, पाणी कुठवर होतं आणि नंतर काय केलं, हा आहे. फायरवॉलवर आतल्या बाजूने बघा, गाळाची रेघ कितीही पुसली तरी कोपऱ्यात सापडते.

पुरानंतर लगेच कुणी ऑइल बदलून इंजिन फिरतं ठेवलं असेल तर गाडी वाचलेली असू शकते. तशीच उभी असेल तर 'फुल इंजिन', म्हणजे इंजिनाचं पूर्ण काम, धरूनच भाव करा. नदीचं पाणी गोडं असतं, त्यामुळे पत्रा समुद्राइतका जात नाही. त्रास देतो तो गाळ. तो बेल हाउसिंगमध्ये (क्लचच्या आवरणात), स्टार्टरमध्ये, डायनामोत, रेडिएटरच्या जाळीत पिठासारखा बसतो. गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल विसरू नका, हवेच्या छिद्रातून तिथेही पाणी जातं.

तुमच्या स्वतःच्या गाडीत आत्ताच पाणी शिरलं असेल तर: बॅटरी काढा, किल्ली अजिबात मारू नका, चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा) बोल्ट सोडा. आधी पाणी येईल, मग दुधाच्या चहासारखं ऑइल. प्लग काढून इंजिन हाताने फिरवा, सिलिंडरमधलं पाणी बाहेर येईल. स्वस्त ऑइल घालून थोडं चालवून पुन्हा काढा, आणि ऑइलचा रंग स्वच्छ येईपर्यंत हे दोन-तीनदा करा.

१७. अपग्रेड केलं तर आरटीओत अडचण येते का? व्हिंटेज नंबर मिळतो का?

अल्टरनेटर, इग्निशन, रिले, कूलंट असल्या गोष्टींनी काही बिघडत नाही. गाडीचं मूळ स्वरूप बदललं की बिघडतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. सीएनजी, एलपीजीसारख्या इंधनबदलाला मान्य किट आणि आरसीवर नोंद, असा वेगळा मार्ग आहे.

पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण लागतं. त्या वेळी चेसिस नंबरचा पेन्सिल ठसा घेतात. सँडब्लास्टिंगने अंक बुजले किंवा लांबीखाली गेले, तर एमएच-११ असो की एमएच-१०, खेटे तुम्हालाच घालायचे आहेत. त्या जागेवर रंगाआधी मास्किंग टेप लावा. पीयूसीत ३१ मार्च २०००पूर्वीच्या चारचाकीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांच्या आत लागतो. कार्बोरेटर नीट असेल तर फियाट आरामात पास होते.

पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या, चेसिस-बॉडी-इंजिनात मोठा बदल नसलेल्या गाडीला २०२१ च्या नियमांनी 'व्हीए' मालिकेतला व्हिंटेज नंबर मिळतो. पण मग ती रोजच्या वापरात चालवता येत नाही. भाजी आणायला फियाटच नेत असाल तर साधी नोंदणीच बरी.

१८. एसी बसवता येईल का?

येईल. चाळीस घोड्यांतले चार-पाच कॉम्प्रेसर खाईल, आणि खंबाटकी चढताना मागचा ट्रक हॉर्न वाजवेल. दाराची त्रिकोणी काच आपल्याकडे वळवा.

१९. ऊस तुटला की उंदीर बोनेटखाली येतात. वायरी वाचवायच्या कशा?

गाळप हंगामात रानातले उंदीर घराकडे सरकतात आणि गरम बोनेट त्यांना आयतं मिळतं. डांबराच्या गोळ्यांचा वास चार दिवसांत सरतो. फायरवॉलमधली रिकामी भोकं रबरी ग्रोमेटने बंद करा, एअर क्लीनरच्या तोंडाला बारीक जाळी लावा, मुख्य हार्नेस (वायरींची जुडी) धातूच्या लवचिक नळीत घाला. गाडी आठवड्यातून दोनदा तरी हलवा. आणि पावसाळ्यानंतर पहिल्यांदा चालू करण्याआधी एअर क्लीनर उघडाच. मला त्यात शेंगांच्या टरफलांचं अख्खं घरटं मिळालं होतं.

२०. आमच्या फियाटमध्ये वडिलांनीच डिझेल इंजिन टाकलंय, आरसीवर पेट्रोल आहे. आता मूळ इंजिन घालू का?

अशा गाड्या बऱ्याच आहेत. पेट्रोल महागलं तसं अनेकांनी हे केलं. आरसीवरचा इंजिन नंबर ज्या ब्लॉकचा आहे, तो घरात, गोठ्यात, जुन्या मिस्त्रीकडे कुठे पडलाय का ते आधी शोधा. तो सापडला तर निम्मं काम झालं, कागद आपोआप जुळतात. नाही सापडला तर दुसरं फियाटचं इंजिन घेताना त्याची पावती आणि नंबर घ्या आणि बसवण्याआधी आरटीओत लेखी विचारा, बसवल्यानंतर नको. मुंबईत सी.एस.टी. रोडला, कुर्ल्यात, टॅक्सीतून निघालेली इंजिनं मिळायची. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेल्यापासून तो साठा आटत चाललाय. इंजिन मिळेपर्यंत माउंटिंगचे मूळ ब्रॅकेट कापलेत का ते बघून ठेवा. डिझेल बसवताना बहुतेकांनी ते गॅस कटरने उडवले आहेत, आणि इंजिनापेक्षा ते मिळणं अवघड आहे.